ट्रॅक्टर लोडरवरचा पिंजरा: उंचावरचं काम जपून कसं करायचं

गोठ्याचा पत्रा उडाला, पॅकहाऊसमधला दिवा गेला, आंब्याची वाळकी फांदी शेडवर झुकली, की शेतावर पहिली नजर जाते ती ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या लोडरच्या बकेटकडे. "उभा राहा बकेटमध्ये, उचलतो वर." बकेट मात्र मुरूम आणि शेणखत ओतण्यासाठी बनवलेली असते. काठ जेमतेम गुडघ्याएवढा, तळ उतरता, धरायला काही नाही, आणि एक लिव्हर ढकलला की ती तोंड खाली करते. ट्रॅक्टरच्या असो वा जेसीबीच्या, बकेटमध्ये उभं राहून उंचावर काम करायचं नाही. पुढे जे लिहिलंय ते लोडरला जोडायच्या, कठडे असलेल्या कामाच्या पिंजऱ्याबद्दल आहे.

आधी लोडरची पुस्तिका उघडा. बहुतेक लोडरच्या पुस्तिकेत माणूस उचलू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर फॅब्रिकेटरने पिंजरा कितीही दणकट केला तरी ती मनाई उठत नाही. तिथे परांची बांधा, चाकांची अॅल्युमिनियमची परांची भाड्याने आणा, नाहीतर बूम लिफ्ट, म्हणजे लांब हाताच्या टोकाला माणसाचा पाळणा असलेलं यंत्र, मागवा. इथली कृती फक्त अशा लोडरसाठी आहे ज्याच्या उत्पादकाने त्या मॉडेलवर प्लॅटफॉर्म लावायला परवानगी दिली आहे. तिथेही ती अधूनमधूनच्या, अर्ध्या-पाऊण तासाच्या कामापुरतीच. अख्ख्या शेडचे पत्रे बदलायचे असतील तर परांचीच लावावी.

माणूस नाही, ट्रॅक्टर पडतो

उंचावरचं काम म्हटलं की लोकांना पट्टा आणि हेल्मेट आठवतं. लोडरच्या पिंजऱ्यात मात्र कठड्यावरून तोल जाणं हा अनेक धोक्यांतला एक. बाकीचे चार यंत्राकडून येतात: ट्रॅक्टर कलंडतो, तेलाचा दाब सुटून लोडरचे हात (बकेट उचलणाऱ्या दोन दांड्या) खाली येतात, चालकाच्या हातून चुकीचा लिव्हर पडतो, किंवा पिंजरा विजेच्या तारेला लागतो. या चारही वेळी वरचा माणूस काहीच करू शकत नाही. बूम लिफ्टमध्ये कळा पाळण्यातच असतात, यंत्र कललं तर भोंगा वाजतो, तेल गेलं तरी झडप हात धरून ठेवते. ट्रॅक्टरवर यातलं काही आपोआप नसतं, म्हणून ते एकेक करून आपणच बसवावं लागतं.

ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो, पण तोलाच्या हिशोबात त्याला तिवईच समजा. पुढचा एक्सल मधोमध एका पिनेवर डुलतो, त्यामुळे मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन हे तीन आधार. पुढच्या बाजूला तिवई निमुळती होत जाते, आणि पिंजऱ्याचं वजन नेमकं त्या निमुळत्या टोकाच्याही पुढे, वर लटकलेलं असतं. मागच्या चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि त्यातलं एक चाक ५ सेंटीमीटर खचलं, तर ४ मीटर उंचीवरचं वजन साधारण १३ सेंटीमीटर बाजूला सरकतं. जमिनीचाच कल ५ अंशांचा असेल तर ३५ सेंटीमीटर. बकेट खाली असताना हाच कल जाणवतही नाही.

पिंजरा: मापं आणि वजन

एका माणसासाठी १.२ मीटर रुंद आणि १ मीटर खोल पिंजरा पुरतो. दोघांसाठी मोठा करू नका. जागा दिसली की तिसराही चढतो.

वरचा कठडा तळापासून १ ते १.१ मीटरवर, मधली दांडी साधारण ५० सेंटीमीटरवर, आणि तळाशी १५ सेंटीमीटर उंचीची पट्टी चारही बाजूंनी. ही पट्टी हातातून सुटलेला पाना खालच्या माणसाच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून असते. दार आतल्या बाजूला उघडणारं आणि स्वतःहून बंद होणारं हवं. बाहेर उघडणारं दार आतल्या माणसाच्या वजनानेच उघडतं. दाराऐवजी साखळी लावतात, ती चालत नाही. तळ चेकर प्लेटचा, त्यात पाणी जायला भोकं.

एक भाग जवळपास सगळे विसरतात: लोडरच्या बाजूची, म्हणजे माणसाच्या पाठीमागची जाळी. लोडरचे हात वर जाताना त्याचे सांधे, दांड्या आणि जॅक (तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर) कात्रीसारखे मिटतात. कामाच्या नादात माणूस मागचा कठडा धरतो आणि बोटं त्यात जातात. मागची बाजू २ मीटर उंचीपर्यंत बारीक वेल्डमेशने बंद करा. भोक इतकं लहान असावं की बोट पलीकडे जाणार नाही.

वजनाचा हिशोब फॅब्रिकेटरकडे जाण्याआधीच करा. ४० बाय ४० बाय ३ मिलिमीटरची चौकोनी नळी मीटरला ३.३ ते ३.४ किलो भरते. वरच्या मापाच्या पिंजऱ्याला २२ ते २३ मीटर नळी लागते, म्हणजे सुमारे ७५ किलो. ४ मिलिमीटर चेकर प्लेटचा तळ ४० किलोच्या आसपास, खालची पट्टी १५, जोडणीच्या प्लेटा आणि मागची जाळी धरून आणखी ३० ते ३५. पिंजराच १६० ते १६५ किलोचा झाला. माणूस आणि हत्यारं मिळून १२० धरा. एकूण २८० ते २८५ किलो. हे वजन लोडरच्या पूर्ण उंचीवरच्या उचल क्षमतेच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे क्षमता किमान ६०० किलो हवी. पुस्तिकेत दोन आकडे असतात, जमिनीजवळचा आणि पूर्ण उंचीवरचा. दुसरा आकडा लहान असतो. तोच घ्यायचा.

जोडणी बकेट काढून, तिच्या जागी. बकेटच्या आत पिंजरा ठेवून साखळीने आवळणं, किंवा पॅलेटच्या काट्यांवर पिंजरा नुसता सरकवणं, दोन्ही धोक्याचं. झटपट जोडणीचा लोडर असेल तर दोन्ही बाजूंच्या लॉकपिना पलीकडून बाहेर आलेल्या डोळ्यांनी पाहा. लिव्हर बसल्याचा आवाज आला याचा अर्थ पिन बसली असा होत नाही. भोकात चिखल वाळलेला असेल तर एक बाजू बसते, दुसरी अर्ध्यातच अडते. मग पिंजऱ्याची पुढची कड जमिनीवर टेकवून हलकासा दाब द्या. जोडणीत फट पडताना दिसली तर काढून पुन्हा बसवा. पिनेला आर-क्लिप घाला. तिच्याऐवजी खिळा वाकवून घालू नका.

तेल, जॅक आणि फ्लोट

वरच्या माणसाला धरून ठेवतं ते जॅकमधलं तेल. दाब दीडशे बारच्या पुढे जातो, आणि एक पाइप फुटला की हात खाली येतात.

त्यासाठी दोन्ही उचल जॅकना पाइप फुटल्यावर तेल अडवणारी झडप लावलेली हवी. ती थेट जॅकच्या तोंडात फिरवून बसवलेली असावी. पाइपच्या दुसऱ्या टोकाला, कंट्रोल व्हॉल्व्हजवळ ती लावली तर मधला पाइप फुटल्यावर तिचा काही उपयोग नाही, आणि फुटतो तो नेमका मधलाच, जिथे तो हातावर घासतो. पिंजरा कलवणाऱ्या जॅकनाही अशीच झडप हवी. नाहीतर हात जागेवर राहतील, पण पिंजरा पुढे तोंड करेल.

आता कल. साध्या लोडरमध्ये हात जितका वर फिरतो तितकीच बकेटही मागे फिरते. मातीसाठी ते चालतं, कारण चालक दुसऱ्या लिव्हरने सावरत राहतो. माणसासाठी असं सावरत राहणं चालणार नाही. पिंजऱ्याला समांतर दांड्यांचा, म्हणजे आपोआप सपाट राहणारा लोडरच हवा. तो असेल तर कलवण्याच्या तेलाच्या ओळीत बॉल व्हॉल्व्ह बसवून, माणूस चढण्याआधी तो बंद करा. चालकाचा हात चुकून त्या बाजूला गेला तरी पिंजरा हलणार नाही.

फ्लोटकडे नीट लक्ष द्या. बऱ्याच लोडरवर लिव्हर पूर्ण पुढे ढकलला की 'टक्' करून एका खाचेत अडकतो. त्या जागी जॅकच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात, हात स्वतःच्या वजनाने खाली येतात आणि लिव्हर सोडला तरी मधोमध परत येत नाही. जमीन सपाट करताना ही सोय कामाची. माणूस वर असताना हळूहळू खाली घ्यायला गेलेल्या चालकाने सवयीने लिव्हर शेवटपर्यंत ढकलला तर पिंजरा सरळ सुटतो. लिव्हरच्या वाटेत त्या खाचेआधी अडणारी पट्टी बोल्टने बसवून घ्या. काम झाल्यावर ती काढता येते.

माणसाआधी पोती

नवीन पिंजरा, दुरुस्त केलेला लोडर, किंवा पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच जोडलेला पिंजरा असेल, तर माणूस चढण्याआधी चाचणी घ्या.

१. पिंजऱ्यात ५० किलोची सिमेंटची ५ पोती ठेवा. हे २५० किलो झाले, म्हणजे माणूस आणि हत्यारांच्या दुपटीहून थोडे जास्त. पोती दोरीने बांधा.

२. पिंजरा ३० सेंटीमीटर उचला. लोडरच्या चौकटीचे बोल्ट, ती ट्रॅक्टरला जिथे धरलेली आहे तिथलं वेल्डिंग आणि पिनांचे बुश पाहा. वेल्डच्या कडेने गंजाची केसाएवढी रेघ दिसली तर ती तडा असू शकते. रंग खरवडून बघा.

३. पूर्ण उंचीवर न्या. इंजिन बंद करा. पिंजऱ्याच्या तळाची उंची टेपने मोजा, जॅकच्या चकचकीत दांडीवर खडूने खूण करा आणि १५ मिनिटं थांबा. कोणीही खाली उभं राहायचं नाही. पिंजरा २ ते ३ सेंटीमीटरहून जास्त उतरला तर जॅकचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. सील बदलल्याशिवाय माणूस चढवू नका.

४. दांडी जिथे जॅकमध्ये जाते तिथे तेलाचा ओला कडा पाहा. धूळ चिकटून काळं वळं झालं असेल तर गळती जुनी आहे. गळती शोधायला पाइपवरून हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत शिरतं, बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडू लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तेल अंगात शिरलंच तर लगेच दवाखाना गाठा, दुखायची वाट पाहू नका.

जागा आणि ट्रॅक्टर उभा करणं

जिथे काम आहे तिथली जमीन आदल्या दिवशी चालून पाहा. कडक दिसणारी जमीन फसवते. घराच्या आणि गोठ्याच्या आसपास शोषखड्डा, सेप्टिक टाकीचं झाकण, पाइपलाइनचा बुजवलेला चर, गोबर गॅसचा खड्डा, जुनी बुजवलेली विहीर यातलं काही ना काही असतंच, आणि ते नेमकं कुठे आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. विचारा. काळ्या जमिनीत पावसानंतर वरचा थर वाळतो, पण खाली चिखलच राहतो. पहार टोचून पाहा. हाताच्या जोराने सहज शिरली तर तिथे ट्रॅक्टर उभा करू नका. काँक्रीटची किंवा दाबलेल्या मुरमाची सपाट जागाच हवी. चाकाखाली फळ्या घालून कल सुधारायचा नाही, त्या सरकतात.

पुढे वजन आलं की मागची चाकं हलकी होतात. आणि ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्याच चाकांना. हँडब्रेक ओढलेला असतानाही ट्रॅक्टर घसरतो तो यामुळेच. म्हणून मागे भार हवा. ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या तीन सांध्यांवर रोटाव्हेटर लावा, त्याचं वजन बहुधा ३५० ते ४५० किलो असतं. तो जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर टांगलेला ठेवा. जमिनीवर टेकवला तर त्याचं वजन जमीन घेते, मागच्या चाकांवर काही येत नाही. पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ती जोडा. मग पुढची चाकंही ब्रेकशी बांधली जातात. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं लॅचने एकत्र करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. पुढच्या टायरची हवा दोन्हीकडे सारखी आहे ना ते गेजने बघा. एका बाजूला हवा कमी असेल तर तोही कलच.

विजेची तार

काम सुरू करण्याआधी मान वर करून एक फेरी मारा. शेतावर ११ केव्हीची लाइन, कृषिपंपाच्या लोंबणाऱ्या तारा आणि घराकडे येणारी सर्व्हिस वायर अशा तीन प्रकारच्या तारा असतात. पंपाच्या तारा उन्हाळ्यात आणखी लोंबतात. तारेपासून पिंजरा, माणूस, त्याच्या हातातला पत्रा किंवा फांदी, यातलं काहीही ३ मीटरच्या आत येता कामा नये. हे अंतर पिंजऱ्याच्या टोकापासून नाही, हातातल्या १२ फुटी पत्र्याच्या टोकापासून मोजायचं. तेवढी जागा नसेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या. १९१२ वर फोन करा किंवा लाइनमनला गाठा, आणि लाइन बंद करून अर्थिंग (तारा जमिनीशी जोडणं) केल्याचं त्याने स्वतः येऊन सांगेपर्यंत थांबा. "आत्ता लोडशेडिंग आहे" हे कारण धरू नका. भारनियमन कधीही संपतं, शिवाय शेजारच्या जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची वीज उलटी येऊ शकते.

पिंजरा तारेला लागलाच तर चालकाने सीटवरून उतरायचं नाही. जमत असेल तर पिंजरा तारेपासून दूर घ्यायचा. खालच्या लोकांनी ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, जवळही यायचं नाही. ट्रॅक्टर पेटला तरच उतरायचं, तेही पायऱ्यांवरून नाही. दोन्ही पाय जुळवून, ट्रॅक्टरला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी मारायची आणि उभ्यानेच, पाय न उचलता, पावलं जमिनीवर घासत दूर जायचं.

पट्टा कुठे अडकवायचा

आयएस ३५२१ची खूण असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि आयएस २९२५चं हेल्मेट, हनुवटीच्या पट्ट्यासह. कमरेचा नुसता पट्टा नको.

दुकानदार हार्नेससोबत १.८ मीटरची, झटका शोषणारी दोरी देतो. इथे ती निरुपयोगी आहे. दोरीची लांबी १.८ मीटर, शोषकाची ताण घेऊन वाढणारी लांबी जवळपास तेवढीच, माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा धरली तर पडणारा माणूस थांबायला ६ मीटरच्या आसपास उंची लागते. पिंजरा असतो ३ ते ४ मीटरवर. दोरी ताणली जाईपर्यंत माणूस जमिनीवर आलेला असतो. इथे पट्ट्याचं काम माणसाला कठड्याबाहेर जाऊच न देणं. कमी-जास्त करता येणारी आखूड दोरी घ्या, पिंजऱ्याच्या तळाजवळ वेल्ड केलेल्या कडीत अडकवा, आणि ती इतकी आखूड ठेवा की माणसाला कठड्यावरून वाकता येईल पण कंबर पलीकडे जाणार नाही. कडी पिंजऱ्याचीच हवी. शेडच्या पर्लिनला (छताच्या आडव्या दांडीला) किंवा झाडाला दोरी अडकवली आणि पिंजरा खाली आला तर माणूस वर लटकतो.

प्रत्यक्ष उचल

तीन माणसं लागतात. एक वर, एक सीटवर, एक जमिनीवर. जमिनीवरच्याचं काम फक्त बघणं: तार, चाकं, आणि पिंजऱ्याखाली येणारी पोरं, कुत्री, गुरं. पिंजऱ्याभोवती ५ मीटरपर्यंत दोरी बांधा. खुणा आधी ठरवा. इंजिनच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही. एक शिटी थांब, दोन वर, तीन खाली, आणि एक लांब शिटी कोणीही वाजवली तरी सगळं बंद.

माणूस पिंजरा जमिनीवर टेकलेला असतानाच चढतो-उतरतो. दार बंद, पट्टा अडकवलेला, दोन्ही पाय तळावर. मग इंजिन १००० ते १२०० आरपीएमवर ठेवून हळू उचला. त्याहून वेग जास्त असेल तर हात झटक्याने थांबतात, आणि तो झटका उंचावर जास्त जाणवतो. अर्ध्या मीटरवर एकदा थांबा, वरच्याने दोनदा पाय आपटून पाहावं, मग पुढे.

माणूस वर असेपर्यंत चालक सीटवरून हलत नाही. फोन आला तरी नाही, पाना द्यायलाही नाही. ट्रॅक्टर एक फूटही पुढे घ्यायचा तर पिंजरा जमिनीवर आणायचा, माणसाने उतरायचं, ट्रॅक्टर हलवायचा, ठोकळे लावायचे, पुन्हा चढायचं. यात चार मिनिटं जातात. ती वाचवायला पिंजरा वर ठेवून ट्रॅक्टर सरकवला, की ढेकळावर चढलेल्या चाकाचा हिसका वर कित्येक पटीने पोचतो.

पिंजऱ्यात स्टूल, पेटी, शिडी ठेवून उंची वाढवायची नाही. हात पोचत नसेल तर हे यंत्र त्या कामाचं नाही. पिंजऱ्यातून छतावर पाय टाकायचा नाही. सिमेंटचा जुना पत्रा आणि पारदर्शक पत्रा दोन्ही माणसाच्या वजनाने फुटतात, आणि धुळीखाली कुठला पारदर्शक आहे ते ओळखूही येत नाही.

पत्रा बदलताना वारा बघा. १२ फुटांचा पत्रा १५ ते १७ किलोचाच असतो, पण त्याचं क्षेत्रफळ जवळपास ४ चौरस मीटर. ताशी ३० किलोमीटरचा वारा त्याला १६ ते २० किलोच्या जोराने ढकलतो, तेही पिंजऱ्यातल्या माणसाच्या हातात. झाडाची पानं सतत सळसळत असतील आणि बारीक फांद्या हलत असतील तर पत्र्याचं काम दुपारऐवजी सकाळी धरा. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर पिंजरा वर नेऊच नका.

फांदीचं काम असेल तर आधी खालूनच आग्या मोहोळ आहे का ते शोधा. मोहोळ उठलं तर वरच्या माणसाला पळायला जागा नसते. पिंजऱ्यातून चेनसॉ वापरू नका, हातकरवत किंवा लांब दांड्याची करवत घ्या. फांदी पिंजऱ्यापेक्षा खालच्या बाजूला किंवा कडेला पडेल अशी निवडा, आणि जाड फांदी दोरी बांधून तुकड्या-तुकड्याने काढा. वजन गेल्यावर उरलेली फांदी झटकन वर उसळते. तोंड तिच्या रेषेत नको.

इंजिन बंद पडलं तर

बहुतेक लोडर इंजिन बंद असतानाही, लिव्हर हळू पुढे केला की वजनाने खाली येतात. पण पाइप फुटल्यावर झडप बंद झाली असेल तर येणार नाहीत. तिथे पाइप किंवा झडप सैल करून खाली आणायला जाऊ नका. त्यासाठी ५ मीटरची शिडी जवळच ठेवलेली हवी, आणि माणूस शिडीवर नीट आल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. इंजिन बंद ठेवून खाली घेणं पोत्यांच्या चाचणीच्या वेळीच एकदा करून पाहा. चालक चक्कर येऊन पडला तर जमिनीवरच्या माणसाला लिव्हर चालवता आला पाहिजे. अपघात झालाच तर १०८.

काम संपल्यावर पिंजरा काढून ठेवा. लोडरला लावलेला राहिला की उद्या कोणीतरी तो घेऊन चाऱ्याची गंजी रचायला जातो, एखादी दांडी वाकते आणि ते कुणी सांगत नाही. भिंतीला उभा करून साखळी घाला, किल्ली एकाकडेच असू द्या. त्याचं वजन, किती किलो आणि किती माणसं चालतात, आणि शेवटची चाचणी कधी झाली, हे कठड्यावर ऑइलपेंटने लिहून ठेवा.